आरशांच्या खोलीत ऊद

काही आठवडे झाले. फहद सकाळी लॅबच्या दारात आला आणि उभाच राहिला. "इक्बालभाई, प्रोफेसर अलेक्सेई गेले. रशियाहून त्यांच्या मुलीचा फोन होता..." मी हातातला आरसा आधी नीट पेटीत ठेवला, मग खुर्चीत बसलो. आरसा हातात असताना रडायचंही नाही, ही अलेक्सेई सरांचीच शिकवण!

मी रत्नागिरीचा, सौदीतल्या धाहरानमधल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ. सर प्रकाशशास्त्रातला दादा माणूस, लेझरच्या आरशांवर हयात घातलेली. त्यांचा सोव्हिएत देश मोडला, पगार थांबले, तिकडच्या प्रयोगशाळेला त्यांच्या डोळ्यांदेखत कुलूप लागलं, तेव्हा ते इथे आले. पहिल्याच दिवशी माझा हात हुंगून म्हणाले, "अत्तर? धुऊन ये." ईदचं अत्तर होतं हो, असा राग आला मला! पण त्यांचं खरं होतं. बोटाचा नाहीतर अत्तराचा डाग पडला की लेझर तिथंच आरसा जाळतो.

मग सौदीकरण आलं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं. सरांचा करार वाढणार नव्हता. त्यांच्या जागेसाठी त्यांचा सौदी विद्यार्थी फहद लायक ठरला तर ठीक, नाहीतर लॅब बंद. हे ठरवणाऱ्या समितीसमोर प्रयोग त्यानेच करायचा होता. मी म्हटलं, "सर, पोरगा कच्चा आहे." "एक कुलूप पाहिलंय, इक्बाल. दुसरं बघणार नाही," एवढंच म्हणाले.

समिती आली. आणि फहद, यजमान ना तो, इथल्या रीतीप्रमाणे पाहुण्यांसाठी ऊद पेटवून धुपाटणं घेऊन थेट आरशांच्या खोलीत! धूर भसाभस. तो आरशांवर बसला की संपलंच! फहदलाही चूक उमगली, चेहरा पांढराफटक पडला. मी धावणार तोच सरांनी माझं मनगट धरलं. "थांब. दिवे घालव." आरसे जळू नयेत म्हणून त्यांनी लेझर मंद केला.

अंधारात, धुरातून हिरवी रेघ उमटली... एरवी हवेत न दिसणारा किरण या आरशावरून त्या आरशावर जाताना लख्ख दिसत होता. "सांग त्यांना," सर म्हणाले. आणि पोरगा काय बोलला! आधी चाचरत, मग असा की समितीतले म्हातारे खुर्च्या सोडून पुढे सरसावले. लॅब वाचली. दुसऱ्या दिवशी मात्र सरांनी सगळे आरसे फहदकडूनच पुसून घेतले आणि धुपाटणं दाराबाहेर ठेवलं. "पुन्हा आत आणलंस तर रशियाहून येऊन कान पकडीन."

लॅबचा प्रमुख झाल्यावरही फहदने हा नियम कधी मोडला नाही. बातमी आली त्या सकाळी मात्र तो धुपाटणं घेऊन आत आला. दिवे मी घालवले, लेझर मंद केला. हिरवी रेघ दिसली. मग डोळे पुसत तो म्हणाला, "यल्ला, चला इक्बालभाई, आरसे पुसू या. नाहीतर येतील कान पकडायला."

पुसले. खरं सांगू? एक आरसा न पुसता तसाच ठेवावा, असं मला फार वाटत होतं.