घे वं!

"मैंने 'ले' बोला था!"

"खोटं! 'घे वं' ओरडलीस तू. म्हणून तर मी वळले!"

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात रायपूरहून ट्रॉफी जिंकून आलेल्या भिलाईच्या कॉलेजच्या मुली सकाळी बास्केटबॉल कोर्टावर पेढे खात होत्या, अन् नलू आणि वसुंधरा शेवटच्या पासवरून भांडत होत्या. नलूचे बाबा स्टील प्लांटात कामगार, वसुंधराचे तिथेच ऑफिसर. कॉलेजच्या पहिल्या दिवशी नलू "मले पानी पायजे" म्हणाली, तेव्हा वसुंधरा खो खो हसली होती. त्या दिवसापासून तीन वर्षं नलू तिच्याशी फक्त हिंदीतच बोलली.

पण काल शेवटच्या क्षणी सगळा गलका पाण्याखाली बुडाल्यासारखा मंद झाला. चेंडू सावकाश तरंगत हातातून सुटला, आणि आई ताटात भाकर वाढताना म्हणते तो शब्द नलूच्या तोंडून आपसूक निघाला. टीममधल्या बाकी तिघी हिंदीभाषक, त्या बघतच राहिल्या. वसुंधरा तेवढी वळली, आणि बास्केट झाली.

"नलू, हसले ते चुकलंच माझं. आता तरी मराठीत बोलशील ना माझ्याशी?"

नलूनं शेवटचा पेढा उचलला, अर्धा मोडून वसुंधराच्या तळहातावर ठेवला आणि चेंडू आपटत फाटकाबाहेर निघून गेली.