कुलरमधलं पहिलं शील

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा सगळ्यात जास्त फायदा आमच्या फुफाजींचा झाला, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गोंदिया वेगळा निघाला आणि जाताना नागझिऱ्याचं जंगल, नवेगावचा बांध, सारस पक्षी असं सगळं घेऊन गेला. बाकीचा जिल्हा हळहळत बसला. फुफाजी त्याच सुमारास वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी घराचं मागचं दार उघडलं, आंब्याचं एक झाड, एक सीताफळ, वालाचा मांडव, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू आणि फुटका हौद एवढ्या ऐवजाकडे कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि जाहीर केलं, "जंगल गोंदियाले गेलं त जाऊ दे. आपल्या वाट्याले सांदवाडी आली." घरामागच्या वाडीला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. ती लग्नाच्या आधीपासून त्यांचीच होती, पण जन्मभर शिफ्ट करणाऱ्या माणसाने ती धड उजेडात कधी पाहिलीच नव्हती.

फुफाजी कारखान्यातून निघाले, पण कारखाना काही फुफाजींमधून निघेना. त्यांनी सांदवाडीतल्या यच्चयावत जिवांना शिफ्टा लावून दिल्या. बुलबुल आणि दयाळ फर्स्ट शिफ्टला, चिमण्या जनरलला, बेडूक आणि घुबड नाइटला. कोकीळ कंत्राटी. तिच्याविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "अंडे दुसऱ्याच्या खात्यात टाकते आन् मोकळी होते." सरडा सिक्युरिटीत होता, कारण तो कामापेक्षा मुंडी जास्त हलवतो. आणि दुपारी कुंपणातून एक मुंगूस यायचं, ते आलं की सगळी वाडी चिडीचूप व्हायची. ते साहेब. साहेबांचा राऊंड सुरू असेपर्यंत फुफाजी स्वतःसुद्धा विडी मागे लपवत.

आता या माणसाला पक्ष्यांचा नाद लागावा यातच खरी गंमत होती, कारण त्यांना पक्षी ऐकूच येत नसत. यंत्रांच्या खडखडाटाने कान निकामी केले होते. मोठे आवाज थोडेफार पोचत, बारीक आवाज पार गेले होते. स्वतःचा आवाज मात्र कारखान्यातलाच राहिला होता. "चहा ठेव" म्हणाले तरी स्टेशनावर उभ्या माणसाला चहाची तलफ यावी. रोज सकाळी चहाची बशी हातात घेऊन ते वाडीत उभे राहत आणि विचारत, "कोण बोलून राहिलं?" मग माझी आतेबहीण सुजाता, असेल तिथून, तोंडात वेणीची रिबीन असली तरी ती काढून, बापाला पुरेल अशा आवाजात ओरडून सांगे, "दयाळ, बाबा! आंब्याच्या शेंड्यावर!" फुफाजी मान उंच करून उघडी चोच शोधत. ती सापडली की त्यांच्या तोंडावर जे काही पसरे, ते मी भल्याभल्या मैफिलीत पुढच्या रांगेत बसणाऱ्यांच्या तोंडावरही पाहिलेलं नाही. ऐकणं मुलीकडे आणि पाहणं बापाकडे, अशी त्या घरातली वाटणी होती.

वर्षभर काही ना काही सुरूच असे. पावसाळ्यात ते छत्री धरून फुटक्या हौदाच्या काठावर बसत. छत्री स्वतःवर नव्हे, एका गोगलगायीवर, का तर ती उघड्यावर कंटाळली असेल. अहो, ती पावसाचीच वाट पाहत होती, हे तिला सांगता येत नव्हतं आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. हिवाळ्यात दवाने भरलेलं कोळ्याचं जाळं मागच्या वाटेवर आडवं आलं, तर ऊन चढेपर्यंत वाट बंद. एकदा गॅस सिलिंडरवाल्याला त्यांनी शेजाऱ्यांच्या अंगणातून, त्यांच्या म्हशीला वळसा घालून स्वयंपाकघरात आणलं होतं. तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन म्हणाला, "काहून जी, दरवाजा बिघडला का?" फुफाजी म्हणाले, "दरवाजा ठीक आहे. माणूस कामावर आहे."

आत्याला या सगळ्याचं काहीच वाटलं नसतं. तिचं दुःख वेगळं होतं. ती दर रविवारी विहारात जाणारी, पांढरी साडी नेसून पहिल्या ओळीत बसणारी, आणि नवरा मागच्या भिंतीला टेकून पंचशील सुरू असताना घोरणारा. "या माणसाच्या तोंडून एक दिवस तरी मनापासून वंदना निघावी" एवढीच तिची इच्छा होती. ती पुरी झाली, पण जरा भलत्या ठिकाणी.

झालं असं की आमच्याकडे कुलर बाराही महिने खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभा असतो. हिवाळाभर त्याच्याकडे कुणी पाहत नाही. उन्हाळा तोंडावर आला की बाजूच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकी धुवायची आणि बटण दाबायचं. फुफाजींचा कुलर सांदवाडीकडच्या खिडकीला होता आणि त्याची एक ताटी सुटलेली होती. त्या वर्षी ताट्या बदलायला जरा उशीर झाला, आणि फुफाजींनी आत डोकावून पाहिलं तर मोटारीच्या बाजूला वाळ्याच्या काड्यांची सुबक वाटी, आणि वाटीत बुलबुलची अंडी. फुफाजी कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत. मग त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा, झोप न लागता, पहिलं शील म्हटलं. कुठल्याही जिवाला इजा न करण्याचं. त्यांच्या आवाजात. गल्ली गोळा झाली.

"इतके वर्ष नुसतं म्हणून राहिलो होतो," ते आत्याला म्हणाले. "आता समजलं, कायले म्हणते ते."

"विहारात नाही सापडलं," आत्या पदराने वारा घेत म्हणाली, "आन् कुलरमधी सापडलं तुमाले पहिलं शील?"

तिला हसावं की रडावं कळेना. नवऱ्याला श्रद्धा आली होती आणि कुलर गेला होता. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात या दोहोंतून एक निवडायला सांगितलं तर मी काय निवडलं असतं, ते विचारू नका. फुफाजींनी कारखान्यातून आणलेली लाल पाटी कुलरच्या बटणावर लटकवली: "काम चालू आहे. स्विच लावू नये."

आणि नेमके त्याच उकाड्यात तुमसरहून सुजाताला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा शिक्षक, घर चांगलं, आत्याने विहारात, नात्यात, लग्नाकार्यांत चौकशा करून शोधलेलं. मी नागपूरहून सरबराईला गेलो. सकाळीच आत्याने नवऱ्याला समोर बसवून एकेक शब्द तोडून सांगितलं, "आजच्या दिवस कुलर लागला पायजे. पाहुणे घामानं निघून गेले त माया पोरीचं काय?" फुफाजींनी मान डोलावली. त्यांची मान कशालाही डोलत असे. मनात मात्र त्यांना धास्ती बसली, आणि दुरुस्तीवर असलेल्या यंत्रासाठी जे जन्मभर केलं तेच त्यांनी केलं: हळूच बोर्डाकडे गेले, फ्यूज काढला आणि खिशात टाकला.

घाईत त्यांनी कुलरचा सोडून अख्ख्या घराचा फ्यूज काढला.

पाहुणे बसले आणि पंखेच बंद. "भारनियमन," मी म्हणालो. "भारनियमन," फुफाजींनीही मनापासून दुजोरा दिला. पोहे आले, सुजाता आली, मान खाली घालून बसली. मुलाचे काका अंगाने भरभक्कम होते, त्यांचा रुमाल पिळण्याजोगा झाला. तेवढ्यात त्यांचे कान टवकारले. "बाजूवाल्याचा कुलर त चालू आहे जी." सगळ्यांनी ऐकलं. फुफाजी सोडून सगळ्यांनी. मग काकांची नजर लाल पाटीवर गेली. "कायचं काम चालू आहे?"

हे त्यांनी घामाच्या रागाने असं मोठ्याने विचारलं की फुफाजींना स्पष्ट ऐकू आलं. ते आनंदाने म्हणाले, "पिल्लं उडाचं काम चालू आहे!"

आत्याला त्याच क्षणी नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारा फ्यूज दिसला. तिने डोळे मिटून घेतले. काका उठले, म्हणाले, "चला, निघू आता." मुलाचे वडीलही उठले. आत्याचा चेहरा उतरला. पण फुफाजींचा समज असा की पाहुण्यांना पिल्लं पाहायची आहेत. त्यांनी मुलाच्या वडिलांचा हात धरला आणि सगळी वरात ओढत सांदवाडीत नेली. पहाटेपासून शिंपलेली जमीन, आंब्याची दाट सावली, खाली खाटा. खरं सांगतो, घरापेक्षा तिथे बरं वाटत होतं. काका नाइलाजाने खाटेवर टेकले. फांदीवर काहीतरी हललं, आणि सगळ्यांकडे पाठ करून फुफाजींनी सवयीने आरोळी ठोकली, "कोण बोलून राहिलं?"

बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलीने विचारल्याशिवाय बोलू नये, बोललीच तर हळू बोलावं. बाप चहूकडे चोच शोधत होता. मग सुजाताने मान वर केली आणि रोजच्या आवाजात, सगळी वाडी दणाणेल अशी ओरडली, "बुलबुल, बाबा! चारा घेऊन आला! आंब्याच्या डाव्या फांदीवर!"

काकांच्या हातातला पन्ह्याचा पेला हिंदकळला. "पोरगी लय जोरात बोलते," ते म्हणाले. मुलाची आई तोवर एक अक्षर बोलली नव्हती. ती फुफाजींकडे पाहत होती. त्यांना चोच सापडली होती. "बापासाठी बोलते ते," ती म्हणाली. "आमच्या घरी सारेच पुटपुटते. एक त बोलणारी पायजे." आणि मुलाने हळूच सुजाताला विचारलं, "अन् तो शेपटी उचलणारा कोणता?" पुढचं काय सांगायचं? पक्षी संपून गेले तरी ते दोघं बोलत होते.

पिल्लं उडाली त्या दिवशी फुफाजींनी स्वतः पाटी उतरवली, "काम झालं" म्हणाले आणि कुलर लावला. लग्न हिवाळ्यात झालं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होतो. बाहेर धुकं होतं. फुफाजी बशी घेऊन वाडीत गेले आणि विचारलं, "कोण बोलून राहिलं?" उत्तर आलं नाही. त्यांनी धुक्यात मान उंच केली, पण चोच काही दिसेना. मग त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या खेपेला हळू. इतक्या वर्षांत त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो मला सहन झाला नाही.

मी उठणार तोच स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली. हात पिठाचे. चिमणी, कावळा आणि कोंबडी यापलीकडे तिला पक्ष्यांतलं काही कळत नसे. तिने क्षणभर कान दिला, आणि विहारातही कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "बुलबुल होय जी! आंब्यावर!"

"गोड बोलते का?"

"लय गोड बोलते!"

फुफाजींनी बशी हौदाच्या काठावर ठेवली आणि धुक्यातल्या आंब्याला हात जोडले. आंब्यावर कावळा ओरडत होता. आत्याने वळून माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की मी मुकाट्याने माझा चहा पिऊ लागलो.