दुआत गाळलेलं नाव

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली तरी माझी सून शबाना जानमाजच्या चटईवरून उठेना. ओठ आपले हलतच होते.

मी म्हटलं, "एवढं काय मागतेस गं? अल्लाहमियां कंटाळतील की!"

ती हसली. "नावं घेते, अम्मी. घाई केली की कुणीतरी राहून जातं. तुम्हीपण बसा निवांत, इफ्तारची भजी आज मी तळते."

आता बघा, या रमजानात नमाज सावकाश, मन लावून पढायची हे मीच ठरवलेलं. पण खरं सांगू? घाई माझ्या सोयीची होती. माझ्या अम्मीच्या आजारपणात माझी धाकटी बहीण हमीदा माझ्याशी भांडली, तेव्हापासून अकरा वर्षं मी दुआत तिचं नाव गाळलं. तिचा दमा वाढल्याचं कानावर यायचं, तरी मी भजीचं निमित्त करून उठायची. रमजान लागायच्या आठ दिवस आधी ती गेली.

आज बसले. सगळ्यांची नावं घेतली, मग तिचं. जिभेला सवय जित्यांसाठी मागायची. "तिला बरं कर" असंच निघालं. मग थांबले, आणि मेलेल्यांसाठी मागतात ती मगफिरत, गुन्ह्यांची माफी, मागितली. दुआ संपली की हात तोंडावरून फिरवतात ना, ते मात्र बराच वेळ झालं नाही माझ्याच्यानं.