गजाभाऊंचे डोळे आणि माझे कॅमेरे

पेणच्या माझ्या दुकानात कॅमेरे आले तसे विकले गेले. किस्से कुणी विकत नेत नाही, म्हणून ते साठत राहिले. त्यातले निम्मे आमच्या फोटोग्राफर गजाभाऊंचे. पेण-रोह्याच्या पट्ट्यातली लग्नं-बारशी त्यांनीच टिपलेली. मी कॅमेरे विकून शिकलो, ते वापरून.

*

त्यांचा पहिला कॅमेरा दोन भिंगांचा. मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, तर उजवीकडचं डावीकडे दिसायचं. कासूच्या एका शेतकऱ्यानं काचेत डोकावलं. बैल चालला होता शेताकडे, काचेत उलटाच.

"गजाभाऊ, यात तो घराकडं निघालाय."

"मग?"

"मग काय, त्याच्या मनातलं दिसतंय की यात."

*

पुढे छत्तीस फोटोंचा रोल आला. एवढे फोटो काढायचे कशाचे? रोह्याच्या एका वहिनींनी बारशाला घरच्या कॅमेऱ्यात घातलेला रोल पुरवून पुरवून वापरला. धुतल्यावर बघतो तर पट्टीच्या एका टोकाला पोर पाळण्यात, दुसऱ्या टोकाला पाठीवर दप्तर! वहिनी पट्टी उजेडाला धरून कितीतरी वेळ उभ्या. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगो, माझी इतकी वर्षं चिमटीत मावली."

*

मग उजेड मोजणारा कॅमेरा. काटा हलताना बघून मीच थक्क! गजाभाऊ तो घेऊन मिठागरावर गेले. पांढऱ्याफेक मिठानं काटा फसला, माणसं कोळशासारखी काळी आली. ते फोटो घेऊन मीच मिठागरावर गेलो. तिथला म्हातारा फोटो निरखून म्हणाला, "मीठ झ्याक आलाय, शेट. माणसं कोण हायत ती आमाला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी गजाभाऊंनी स्वतःच्या तळहातावरचा उजेड मोजला आणि सगळ्यांचे चेहरे आणले. हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे.

*

अशा माणसाचा एक डोळा गेला. दुसरा अंधुक. नवऱ्या धूसर येऊ लागल्या, लोक दुसऱ्याला बोलवू लागले. तेव्हा आपला आपण फोकस करणारा कॅमेरा नुकताच आला होता. मी तो त्यांच्या हातात ठेवला. "बघायचं काम हा करेल. तुम्ही नेम धरा."

पहिलंच काम गणपतीच्या कारखान्यात. गिऱ्हाइकाला पाठवायला मूर्तीच्या चेहऱ्याचा जवळून फोटो हवा होता. मीही सोबत गेलो. मूर्तीला अंगाचा रंग लागला होता, डोळ्यांची आखणी बाकी होती. गजाभाऊंनी सहज नेम धरून पाहिला. भिंग पुढं-मागं फिरत राहिलं. त्या गुळगुळीत चेहऱ्यावर त्याला धरायला एक रेघ सापडेना, बटण दबेना.

गजाभाऊंनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. "ह्यालाबी दिसत नाय, शेट. संपलं माझं."

आखणी करणाऱ्या सुमनताई ब्रश घेऊन स्टुलावर चढल्या. "थांबा की भाऊ. देवालाच अजून दिसत नाय, तुमाला काय दिसणार?"

त्यांनी एक डोळा रेखला. गजाभाऊंनी पुन्हा बटणावर बोट ठेवलं. भिंग एकदाच फिरलं, थांबलं, आणि खट्ट!

सुमनताईंचा ब्रश हवेतच राहिला.

गजाभाऊ हळूच म्हणाले, "ताई, दुसरा सावकाश काढा. आमचं एकावर भागतंय."