मथुरेचा शेवटचा शब्द

बाबली गलबतांची शिडं शिवायचा आणि कथा लिहायचा. शिडाला कुणी नावं ठेवली तर मुकाट उसवून पुन्हा शिवून द्यायचा, पण कथेतला काना-मात्रा हलवू द्यायचा नाही. मुंबईची मासिकं कथा साभार परत पाठवीत आणि हा गडी संपादकालाच मूर्ख ठरवी. मी शेजारी, त्याच्या ताठ्याला वैतागून जायचो. अरे, तू कोण लागून गेलास?

सत्तावन्न साली त्याची बायको मथुरा माहेरी निघाली. आमच्याकडे घराबाहेर पडताना ‘जातंय’, म्हणजे ‘जाते’, असं म्हणत नाहीत, अभद्र मानतात. तीही दारातून ‘येतंय’ म्हणाली, आणि कर्लीच्या खाडीत होडी उलटली. मथुरा सापडलीच नाही.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला खाडीकडून तिचं ‘येतंय’ ऐकू येतं, असं बाबली सांगे. मी त्याला वेड्यात काढी. तरी काळोख पडल्यावर त्याच्या पडवीत बसायची माझी छाती होत नसे, खोटं कशाला बोला!

त्याने तिच्यावर कथा लिहिली. शेवटचा शब्द ‘येतंय’. संपादकांनी कळवलं, कथा उत्तम आहे, पण मरणाच्या वाटेवरची बाई ‘येतंय’ म्हणते हे वाचकाला पटायचं नाही. ‘जातंय’ करा, दिवाळी अंकात घेतो. बाबलीने कितीतरी महिने दाद दिली नाही. पण मथुरेचं नाव छापून आलेलं त्याला बघायचं होतं, त्यासाठी जीव तुटत होता त्याचा. अखेर त्याने तो शब्द बदलला.

अंक आला. सगळी वाडी कौतुकाला लोटली, बाबली तेवढा दिसेना. बघतो तर खाडीच्या काठी कान देऊन उभा.

“शब्द बदललंय तेवापासना आयकाक येणा नाय,” तो म्हणाला. “माझ्याच हातान मी तिका ‘जा’ म्हटलंय रे, दत्तारामा.”

मला त्याला शिवी हासडायची होती. त्याऐवजी दंडाला धरून त्याला घरी आणला.

त्यानंतर बाबली सुधारला, असं लोक म्हणतात. संपादक सांगतील ते कापतो, म्हणतील तो शेवट देतो. मुंबईत नाव झालंय. मला विचाराल तर तो भांडकुदळ बाबलीच बरा होता.

परवा मी त्याला म्हटलं, आता तुझ्या शब्दाला किंमत आहे, मथुरेची कथा पुन्हा लिही, तुझ्या मनासारखी.

“लिवन बघलंय,” तो म्हणाला. “शब्द येता. ती येणा नाय.”