'जात्याच' म्हणू न देणाऱ्या बाई

बाईंच्या तासाला 'जात्याच' हा शब्द चालत नसे. मुली जात्याच सोशिक, मुलगे जात्याच दांडगट, असं काही वहीत लिहिलं की त्यांची लाल पेन्सिल त्या शब्दावर आडवी फिरायची आणि समासात प्रश्न उमटायचा, 'पाहिलंस की ऐकलंस?' एकाहत्तर साली नगरच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलेल्या आम्ही सात मुली होतो. निम्म्या विषय सोपा म्हणून आलेल्या, आणि मी त्यातलीच. हा गोड गैरसमज बाईंनी पहिल्याच आठवड्यात दूर केला.

भिंगारहून त्या सायकलवर येत. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, कॅरियरला पुस्तकांचा गठ्ठा. वाटेत कुणी काही बोललंच तर सायकल थांबवून शांतपणे म्हणायच्या, "काही विचारायचं होतं का?" विचारणारा कधी कुणी निघाला नाही.

मनोविश्लेषण शिकवताना मात्र बाई खुलायच्या. मुलगा-मुलगी हा फरक मनात कसा रुजतो, यावरची परदेशी पंडितांची भांडणं त्या शेजारणींच्या भांडणासारखी रंगवून सांगत. एकाचं म्हणणं, मुलीला लहानपणीच आपल्यात काही उणं आहे असं वाटू लागतं. त्याच्याच पंथातल्या एका बाईंनी त्याला ठणकावलं, मुलीला हेवा वाटतो तो मुलाला मिळणाऱ्या मानाचा. आणखी कुणी म्हणे, मुलाला आईपासून मन तोडून पुरुष व्हावं लागतं, मुलगी मात्र आईचंच बघून घडते. आम्ही विचारलं, "बाई, यातलं खरं कुणाचं?"

"परीक्षेत तिघांचं लिहा. खरं कुणाचं ते घरी जाऊन बघा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकीने दोन वर्षांच्या आतल्या मुलापाशी रोज अर्धा तास बसायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. माझी चंगळच होती. देवळाली प्रवरेला आमच्या घरी थोरल्या दादाची सव्वा वर्षाची जुळी होती, बाळू आणि कुंदा. मी चार दिवसांत पानं भरून पोस्टाने पाठवली: बाळू जात्याच खादाड, कुंदा जात्याच अल्पाहारी. पानं लाल होऊन परत आली. खाली एक ओळ होती, 'कुंदा किती वेळा तोंड उघडते आणि किती वेळा घास मिळतो, ते मोज.'

मोजलं. बाळूने मान फिरवली तरी वहिनी चिऊचा घास, काऊचा घास करत त्याच्या मागे लागायची. कुंदाने एकदा मान फिरवली की "झालं हिचं" म्हणून तोंड पुसलं जायचं. उरलेलं दूध बाळूला. तो घरभर धावत होता आणि कुंदाला धड उभंही राहता येत नव्हतं, हातपाय नुसते काड्या. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, पोरीची जात हाय, तिला कमीच लागतं." वहिनी दुष्ट नव्हती. तीही सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायची.

एके दिवशी ती मळ्यात गेली म्हणून भरवायला मी बसले. नंतर लिहायला वही उघडली आणि हात थांबला. बाळूच्या मागे लागून मी नऊ घास भरवले होते. कुंदाने मान फिरवताच तिचं तोंड मीच पुसलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी बाईंना पत्र लिहून सगळं कबूल केलं.

उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने बाईच आल्या. कुंदाला मांडीवर घेतलं, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि दादाला म्हणाल्या, "हिला आत्ता राहुरीला डॉक्टरांकडे न्या."

"बाई, आज उसाला पानी हाय. उद्या नेली तर न्हाई का चालायचं?"

"बाळू असता तर?"

दादाने गाडी जुंपली. कुंदाला तपासून, औषध देऊन डॉक्टर म्हणाले, आणखी आठ-पंधरा दिवस गेले असते तर पोर हातची गेली असती.

कुंदा आज पन्नाशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई आहे आणि माझ्याशी तावातावाने भांडते. त्या दिवाळीनंतर पुढल्याच वर्षी बाई नागपूरकडे गेल्या, मग पत्रंही थांबली, आणि एक दिवस त्या वारल्याचं कळलं. त्यांचे उपकार मी त्यांना तोंडावर कधी बोलून दाखवले नाहीत, याची चुटपुट आहे.

त्या दिवशी राहुरीहून परतल्यावर वहिनीने बाईंचं पान वाढलं. मी खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुम्ही मला रागावला नाहीत."

"कशी रागावू? माहेरी भाऊ जेवून उठेपर्यंत मी वाढत असे. मला भूकच कमी, असं मलाही वाटायचं. वसतिगृहात गेले तेव्हा कळलं, मला चार भाकरी लागतात." मग त्यांनी वहिनीला शेजारी जेवायला बसायला सांगितलं. पाहुण्यांसमोर जेवायचं म्हणून वहिनी नुसती लाजत होती. ती बसेना म्हणून बाईंनीही घास घेतला नाही, तेव्हा कुठे बसली. तिची भाकरी संपली तशी मी दुसरी पुढे केली. तिने सवयीने ताटावर हात आडवा धरला. बाईंकडे बघितलं, कुंदाकडे बघितलं, आणि हात काढून घेतला.

"वाढा, वन्सं," ती म्हणाली. "भूक हाय."