रिपोर्टाखालचं नाव

वंदनाताई ऑफिसात आल्या की खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता थेट प्रिंटरपाशी जायच्या. तिथे पडलेला कागदाचा ढीग उलगडायच्या, एका ओळीभोवती पेनाने गोल करायच्या आणि म्हणायच्या, "ही खरी चूक. बाकीची सगळी हिची पिल्लं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही बरोबर होतो. सगळ्यांनी दिवसभर लिहिलेले प्रोग्रॅमचे तुकडे मशीन रात्री आपोआप जोडून बघायचं. त्याला आम्ही बिल्ड म्हणायचो. तुकडे जुळले नाहीत की सकाळी चुकांचा रिपोर्ट छापून पडलेला असायचा, हा एवढा. तो कोण वाचणार? "माझ्यामुळे नाही अडलं," म्हणत जो तो चहाला पसार.

शेवटी रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम ताईंनीच नव्याने लिहिला. त्या ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. मला म्हणाल्या, "अरे सुहास, आमची आय मासळी विकते. गिऱ्हाइकाला हवं तेवढंच सांगते, सगळ्या खाडीची हकिगत नाय सांगत बसत." मग एकच पान निघू लागलं: कुठे अडलं, कालच्या कोणत्या बदलामुळे, आणि अगदी खाली, कळलं नाही तर कुणाला विचारायचं. बहुतेक वेळा तिथे त्यांचंच नाव असायचं. आमचा एक सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा निरोपाचा केक संपायच्या आत ताईंनी रिपोर्टातून त्याचं नाव काढून टाकलं. मी चिडवलं, तर म्हणाल्या, "जो जागेवर नाय, त्याच्याकडे माणसाला कशाला पाठवायचं?"

मग त्या आजारी पडल्या. हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर त्यांनी उशाजवळची जाडजूड फाइल माझ्यापुढे केली. "बघ. आकडेच आकडे. डॉक्टर येतात, वाचतात, मान हलवतात नि जातात. मी बरी होणार का नाय, ते विचारू कुणाला? खाली नाव नाय रे कुणाचं." एवढी धीराची बाई, पण त्या दिवशी माझा हात सोडायला तयार नव्हती.

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी प्रिंटरमधून पान आलं. खाली इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतच, छापलं होतं: वंदनाला विचारा. साहेब ते वाचून म्हणाले, "ते नाव राहू दे रे. तेवढीच आठवण." सगळ्यांना तेच वाटत होतं, मलाही.

पण ताईंना ते चाललं नसतं. मी प्रोग्रॅम उघडला, त्यांचं नाव पुसलं आणि तिथे माझं लिहिलं. जिन्यात जाऊन पोटभर रडून आलो, आणि कुणी विचारायला येईल म्हणून दिवसभर जागेवरून उठलो नाही.